परवानगीरंग

सिंगापूरला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत कला हे कलम नसतं. सेंटोसा, नाइट सफारी, मरिना बे सँड्सच्या छपरावरचा तो तरणतलाव (खालून, मान वर करून), लिटिल इंडियात डोसा आणि शेवटच्या दिवशी मुस्तफा. मुस्तफातून टायगर बामच्या बाटल्या डझनावारी उचलल्या आणि कुणाला एक द्यायची, कुणाला दोन, यावरून हॉटेलात भांडण झालं की परदेशवारी सुफळ संपूर्ण.

आम्ही या यादीतून सुटलो ते मेहुणीच्या यजमानांमुळे. आमचे साडू तिथल्या एका बँकेत जोखीम-व्यवस्थापन बघतात. म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा दिवसभर विचार करण्याचा त्यांना पगार मिळतो. जानेवारीत तिथे ‘सिंगापूर आर्ट वीक’ असतो, २०१३ पासून दर वर्षी. म्हणायचा आठवडा आणि चालवायचा दहा दिवस, एवढीच काय ती या शहराची बेशिस्त. साडूंनी आम्ही उतरायच्या आधीच एक्सेलचा तक्ता करून ठेवला होता. रकाने असे: स्थळ, तिकीट, एसी आहे का, जवळचं हॉकर सेंटर (म्हणजे खाऊगल्ली), जवळचं स्वच्छतागृह, आणि ‘आईंना किती चालावं लागेल’. आई म्हणजे आमच्या दोघांच्या सामायिक सासूबाई. कलेबद्दल एकही रकाना नव्हता. विचारलं तर म्हणाले, “ते काय, तिथे गेल्यावर दिसेलच.”

कलेवर एवढा खर्च करणारं आणि कलाकारांवर एवढा कमी विश्वास असणारं दुसरं शहर मला माहीत नाही. २०२० मध्ये, ऐन करोनात, तिथल्या ‘संडे टाइम्स’ने एक पाहणी छापली. कोणती कामं समाजाला अत्यावश्यक आणि कोणती अनावश्यक? अनावश्यकांच्या यादीत पहिला नंबर कलाकारांचा, ७१ टक्के मतांनी. दुसरा टेलिमार्केटिंगवाल्यांचा. म्हणजे वामकुक्षीच्या वेळेला फोन करून क्रेडिट कार्ड गळ्यात मारणारा इसमसुद्धा लोकांना चित्रकारापेक्षा बरा वाटला. कलाकार अर्थातच चिडले. पुण्यात अशी पाहणी होऊच शकली नसती. घंटी वाजवून प्रश्न विचारणाऱ्यालाच पहिला नंबर मिळाला असता.

हिंडता हिंडता माझा आपला एक सिद्धांत तयार झाला. इतर मुलखांतले कलावंत तैलरंगात काम करतात, जलरंगात करतात. सिंगापूरचा अस्सल कलावंत परवानगीरंगात काम करतो. अर्ज, मंजुरी, नामंजुरी, दंड, अटी व शर्ती लागू, ही त्याची रंगपेटी. आणि या रंगात त्या लोकांनी जी कामं केली आहेत ती इतकी मजेशीर आहेत, की त्यांच्यापुढे साडूंनी तक्त्यात ‘जायचंच’ म्हणून हिरवी केलेली निम्मी स्थळं फिकी पडतात.

सुरुवात मात्र हिरव्या रंगापासूनच झाली, म्हणजे नॅशनल गॅलरीपासून (एसी: उत्तम). इथे दोन जुन्या सरकारी इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत, १९२९ चा सिटी हॉल आणि १९३९ चं सुप्रीम कोर्ट. सिटी हॉलमध्ये १२ सप्टेंबर १९४५ ला जपान्यांनी लॉर्ड माउंटबॅटनपुढे शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या आणि १९५९ मध्ये ली कुआन यू यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. २०१५ मध्ये या दोन्ही इमारती जोडून चित्रांचं घर केलं. आग्नेय आशियातल्या आधुनिक चित्रांचा एवढा मोठा सार्वजनिक संग्रह जगात दुसरा नाही. कोर्टातल्या आरोपींच्या कोठड्या मात्र जपून ठेवल्यात. चार माणसं आत शिरली तर पाचव्याला जामीन द्यावा लागेल, एवढी जागा. सासूबाई तिथे बराच वेळ थबकल्या. मला वाटलं, इतिहासाने भारावल्या. मग म्हणाल्या, “हिच्या मुंबईच्या फ्लॅटची बेडरूम एवढीच आहे ना?”

वरच्या मजल्यावर एक चित्र आहे, ज्याच्यासाठी ही गॅलरी मी पुन्हा तिकीट काढून बघेन. च्वा मिया टी यांचं १९५९ सालचं ‘नॅशनल लँग्वेज क्लास’. एक गोल टेबल, भोवती वह्या-पुस्तकं घेऊन बसलेले विद्यार्थी, उभे मास्तर, मागे फळा. फळ्यावर मलय भाषेत दोन वाक्यं लिहिलीत: तुमचं नाव काय? तुम्ही राहता कुठे? त्या वर्षी सिंगापूरला स्वयंशासन मिळालं होतं, आणि चिनी घरांतली ही पोरं नव्या राष्ट्रभाषेचा पहिला धडा गिरवत होती. पुढे समीक्षकांनी त्या दोन प्रश्नांत अख्ख्या देशाच्या अस्तित्वाचा पेच बघितला, आणि तो आहेच. मी तोच विचार करत उभा असताना मागून आवाज आला, “मराठी का?” डोंबिवलीचं जोडपं होतं. आडनाव काय, मूळचे कुठले, इथे कुणाकडे उतरलात, त्यांचं स्वतःचं घर आहे का भाड्याचं, भाडं किती, हे सगळं आटोपायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चित्रातली पोरं पहिल्याच धड्यावर अडलेली, इकडे आमचा अभ्यासक्रम संपला होता.

आता मर्लायन. वर सिंहाचं तोंड, खाली माशाचं शेपूट, आणि तोंडातून पाण्याची अखंड चूळ. सासूबाईंनी नृसिंह आणि मत्स्य असे दोन अवतार एकाच नारळात उरकलेले पाहून हात जोडले. पण या देवाला पुराण नाही. १९६४ मध्ये पर्यटन मंडळाला बोधचिन्ह हवं होतं, ते तिथल्या मत्स्यालयाचे क्युरेटर फ्रेझर-ब्रुनर यांनी काढून दिलं, आणि १९७२ मध्ये लिम नांग सेंग या शिल्पकाराने त्याचा ८.६ मीटर उंच आणि ७० टन वजनाचा पुतळा घडवला. आपल्याकडे क्रम वेगळा. आधी दृष्टांत, मग देऊळ, मग ट्रस्ट, मग ट्रस्टींची कोर्टकचेरी, आणि अगदी शेवटी जमलंच तर बोधचिन्ह. सिंगापूरने शेवटापासून सुरुवात करून मधले सगळे टप्पे वाचवले.

या प्राण्यावर परवानगीरंगातलं सर्वश्रेष्ठ काम झालं ते २००५ साली. व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात सिंगापूरतर्फे लिम त्झाय च्युएन या कलावंताची निवड झाली होती. त्याने प्रस्ताव ठेवला की मी काही नवीन करत नाही, आपला मर्लायनच उचलून व्हेनिसला नेतो. प्रतिकृती नाही, खराखुरा. ७० टनांचा सिंहमासा जहाजात घालायचा, इटलीत उभा करायचा, प्रदर्शन संपलं की परत आणायचा. कामाचं नाव ठेवलं ‘माइक’. मग खात्याखात्यांशी चर्चा, आणि शेवटी नकार. शहाण्या माणसाने अशा वेळी घाईघाईने दोन कॅनव्हास रंगवले असते. या पठ्ठ्याने व्हेनिसच्या दालनात पाटी लावली: माइकला घेऊन यायचं मनात होतं. झालं. कलाकृती पूर्ण. आपल्याकडे नामंजूर झालेल्या अर्जांना काय कमी आहे? पण एकालाही फ्रेम करून व्हेनिसला पाठवायचं सुचलं नाही.

माइक व्हेनिसला गेला नाही, तर २०११ मध्ये हॉटेलच माइकपाशी आलं. सिंगापूर बिएनालेसाठी तात्सू निशी या जपानी कलावंताने परांची बांधून पुतळ्याच्या मुंडक्याभोवती हॉटेलची खोली उभारली. पलंग, गालिचा, दिवे, आणि खोलीच्या मधोमध फरशीतून वर आलेलं सिंहाचं डोकं. दिवसा लोक रांग लावून बघायचे, रात्री पैसे भरून राहायला मिळायचं. त्याची छायाचित्रं बघताना मी सहज म्हटलं, “एवढं तोंड वासलेला प्राणी रात्रभर शेजारी असताना झोप कशी लागत असेल?”

“लागते हळूहळू,” बायको म्हणाली. “सवय होते.”

त्याच वर्षी सिंगापुरात तिसरं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, महेश एलकुंचवारांच्या अध्यक्षतेखाली. तोवर ते हॉटेल मोडलेलं होतं हे एका परीने बरंच झालं. निमंत्रितांच्या निवासव्यवस्थेवरून आपल्या संमेलनांत जे होतं, त्याला एवढं मोठं तोंड मिळायला नको होतं.

परवानगी न मागता काम करणारेही निघतात. २०१२ मध्ये समांथा लो नावाच्या तरुणीने भर रस्त्यावर स्टेन्सिलने ‘माय ग्रँडफादर रोड’ असं रंगवलं. कुणी वाटेत आडवी गाडी घातली की तिथले लोक विचारतात, हा काय तुझ्या आजोबाचा रस्ता आहे? (आपण बापावर थांबतो, ते एक पिढी मागे जातात.) शिवाय पादचाऱ्यांच्या सिग्नलचं जे बटण असतं त्यावर तिने गोल स्टिकर लावले: मन भरेपर्यंत दाबा. ते बटण आपण सगळेच मन भरेपर्यंत दाबतो, सिग्नल त्याच्या वेळेलाच बदलतो, हे सत्य सांगितल्याबद्दल तिला अटक झाली. वर्तमानपत्रांनी ‘स्टिकर लेडी’ असं बारसं केलं, आणि २०१३ मध्ये शिक्षा झाली २४० तास समाजसेवेची. स्वस्तात सुटली म्हणायची. १९६६ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्यात छडीचीही तरतूद आहे. मोटारींवर रंग फवारल्याबद्दल १९९४ मध्ये मायकेल फे नावाच्या अमेरिकन पोराला छड्यांची शिक्षा झाली, तेव्हा खुद्द अध्यक्ष क्लिंटन यांनी रदबदली केली. तिचा मान राखून सहा छड्यांच्या चार केल्या.

रीतसर भिंती बघायच्या तर त्यांनाही तोटा नाही. लिटिल इंडियात, कम्पोंग ग्लाममध्ये, चायनाटाउनात भिंतीमागून भिंती रंगवल्यात. त्यातल्या सगळ्यात लोकप्रिय भिंती यिप यू चोंग यांच्या. जुन्या सिंगापुरातलं घर, बाजार, भविष्य सांगणारा, पिंजऱ्यातले गाणारे पक्षी, सगळं अंगभर उंचीचं, आणि बारकावे असे की कॅलेंडरची पानंसुद्धा मोजून घ्यावीत. हे गृहस्थ पेशाने हिशेबनीस. भिंती रंगवायचे सुट्टीत. २०१८ मध्ये नोकरी सोडली आणि पूर्णवेळ चित्रकार झाले. हे कळल्यावर साडू त्या भिंतीपुढे जरा जास्तच वेळ उभे राहिले. संध्याकाळी घरी गप्प गप्प होते. मेहुणी मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊजी, ह्यांना आता आणखी भिंती दाखवू नका. घराचे हप्ते चालू आहेत.”

सरकार स्वतः परवानगीरंगात उतरलं की मात्र छान काम करतं, हे कबूल केलं पाहिजे. नदीकाठी रॅफल्सचा पांढरा पुतळा आहे, हाताची घडी घालून उभा. त्याच्या आगमनाला २०१९ मध्ये दोनशे वर्षं झाली. साहेबाचा उत्सव करायचा की निषेध, हा प्रश्न कुठल्याही स्वतंत्र देशाला अवघडच. तेंग काय वेई या कलावंताकडून तो पुतळा असा रंगवून घेतला की समोरून पाहिलं तर मागच्या इमारतीत मिसळून जावा आणि साहेब जवळजवळ नाहीसाच व्हावा. आम्ही पुतळे हलवतो, झाकतो, दोरखंड लावून पाडतो, नाहीतर त्याहून उंच दुसरा शेजारी उभा करतो. ब्रश आणि करडा रंग घेऊन हा प्रश्न चार दिवसांपुरता मिटवता येतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

समकालीन कलेचं घर, सिंगापूर आर्ट म्युझियम, पूर्वी ब्रास बसाह रोडवरच्या जुन्या शाळेच्या देखण्या इमारतीत होतं. २०२२ पासून ते तंजोंग पागार बंदराच्या गोदामात भरतं. जहांगीर आर्ट गॅलरी उचलून न्हावा शेवाला नेली तर जसं वाटेल तसं वाटतं. बाहेर क्रेन, कंटेनर, ट्रक. आत अंधार आणि पडद्यावर हळू चालणारी फिल्म. २०२२ च्या बिएनालेला त्यांनी नाव दिलं होतं ‘नताशा’. ‘उद्याची स्पंदने’ किंवा ‘प्रवाह आणि प्रतिप्रवाह’ असं काही नाही, नुसतं नताशा. प्रेक्षकांनी प्रदर्शनाशी एखाद्या व्यक्तीशी असतं तसं नातं जोडावं, हा हेतू. हे सांगितल्यावर सासूबाईंनी ज्या चौकशा केल्या त्या व्यक्तीच्याच होत्या: कुणाची, आणि बारशाला आत्या कोण होती?

या सगळ्या मंडळींत माझ्या बायकोला एकच नाव लक्षात राहिलं, अमांडा हेंग. १९९६ चं तिचं काम आहे, ‘लेट्स चॅट’. ती टेबल मांडते, टेबलावर मोड आलेल्या मुगांचा ढीग, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बसायचं, मोडांची शेपटं खुडायची आणि गप्पा मारायच्या. चहा मिळतो. बस, एवढंच. बायकोने दोनदा विचारून खात्री केली की यात आणखी काही नाही ना. मग जे सुरू झालं ते हॉकर सेंटरला लक्सा गार होईपर्यंत चाललं. “माझी आजी ओसरीवर बसून मेथी निवडायची. शेजारच्या चार बायका यायच्या. गावातलं एकूण एक लफडं त्या जुडीतून निघायचं. तिला कुणी बोलावलं का बिएनालेला? आणि तुम्ही! घरी मटकी निवडायला बसवलं तर म्हणता, मला पेपर वाचायचाय. इथे तिकीट काढून खुडाल!”

अमांडाबाईंना नेमकं हेच म्हणायचं होतं, असं मी सांगायचा प्रयत्न केला. हा असला बिनपगारी, बिनकौतुकाचा बायकांचा वेळ टेबलावर आणून ठेवणं हेच ते काम. “मग बरोबरच आहे तिचं,” असं म्हणून बायकोने अमांडा हेंगला तिथल्या तिथे मंजुरी दिली. तक्त्यातल्या कुठल्याच कलावंताला एवढ्या झटपट मान्यता मिळाली नाही. परत आल्यापासून घरात मटकी माझ्याकडे आहे.

रस्त्यावरची बाकीची शिल्पं वेगाने उरकतो, कारण आम्हीही ती बसमधून उरकली. बोट कीवर बोतेरोचा गोलमटोल खाऊनपिऊन सुखी पक्षी आहे, ओसीबीसी बँकेसमोर हेन्री मूरची आडवी आकृती आहे. गार्डन्स बाय द बेमध्ये मार्क क्विनचं ‘प्लॅनेट’ आहे: सुमारे दहा मीटर लांबीचं, सात टनांचं झोपलेलं उघडं बाळ, नुसत्या एका हातावर जमिनीला टेकलेलं, बाकी सगळं अधांतरी. अभियांत्रिकीचा चमत्कार आहे. सासूबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. “टोपडं तरी घालायचं,” म्हणाल्या.

आणि मग हाव पार व्हिला, म्हणजे नरक.

पासिर पांजांगला टेकडीवर ही बाग आहे. १९३७ मध्ये ऑ बून हाव या धनिकाने आपल्या धाकट्या भावासाठी, ऑ बून पारसाठी, बांधलेली. पैसा आला होता टायगर बाममधून, त्याच बामातून ज्याच्या बाटल्या आपण डझनाने आणतो. म्हणजे आपल्या प्रत्येक सर्दीचा या नरकाला हातभार आहे. हजारावर सिमेंटचे रंगीत पुतळे: लढणारे उंदीर, माणसाचं डोकं असलेला खेकडा, ड्रॅगन, ऋषी, आणि अधूनमधून अर्थ विचारूच नये असं काहीतरी. चिनी पुराणं आणि नीतिकथा लोकांना फुकटात शिकवाव्यात हा मालकाचा हेतू. हे म्युझियमच्या गुळगुळीत अर्थाने कला नाही. कुणी क्युरेटर इथे दबकत बोलत नाही. पण शहरातल्या सगळ्या गॅलऱ्यांत मिळून लोक जेवढे थांबत नाहीत तेवढे एकेका पुतळ्यापुढे थांबतात, आणि मला विचाराल तर सिंगापुरातली सगळ्यात जिवंत जागा ही.

बाग फुकट आहे, नरकाला तिकीट आहे. २०२१ पासून तिथे ‘हेल्स म्युझियम’ झालंय, आणि नरकाची दहा न्यायालयं आता त्यात मोडतात. साडूंच्या तक्त्यात या ओळीवर मी थबकलो होतो: ‘नरक. एसी: आहे.’ गरुडपुराण लिहिणाऱ्याला हे सुचलं नव्हतं.

दहा न्यायालयं म्हणजे दहा देखावे. प्रत्येकापुढे पाटी, एका बाजूला गुन्हा, दुसऱ्या बाजूला शिक्षा, संशयाला जागा नाही. चौथं न्यायालय: कर चुकवणारे, भाडं थकवणारे, धंद्यात लबाडी करणारे. शिक्षा: दगडी मुसळाने कुटणे. समोर टीचभर उंचीची माणसं, टोमॅटो सॉसच्या रंगाचं रक्त, आणि कुटणारे यमदूत अगदी कामात गर्क. साडूंनी चार कोनांतून फोटो घेतले. “ऑफिसच्या ट्रेनिंगला लागतील,” म्हणाले. सहावं न्यायालय: अन्नाची नासाडी आणि पुस्तकांचा गैरवापर. शिक्षा: करवतीने दोन तुकडे. वाचायला नेलेलं पुस्तक परत न करणं हे गैरवापरात धरलंय की नाही, याचा पाटीवर खुलासा नव्हता. मी धरलं, आणि करवतीखालच्या बाहुल्यांत मला काही परिचित चेहरे स्पष्ट दिसले. आठवं न्यायालय: परीक्षेत कॉपी आणि आईबापांना त्रास. शिक्षा: आतडी बाहेर काढणे. बारा वर्षांचा भाचा इथे खिळून उभा राहिला. तिथे सहावीच्या शेवटी पीएसएलई नावाची परीक्षा असते, आणि तिच्यापुढे घरादाराची झोप उडालेली असते. बराच वेळ त्या आतड्यांकडे बघून त्याने विचारलं, “मावशी, आणि नुसतेच मार्क कमी पडले तर कितव्या कोर्टात जायचं?”

बागेत एक देखावा आहे, पितृभक्तीच्या जुन्या चिनी कथांपैकी. दात पडलेल्या म्हाताऱ्या सासूला अन्न चावता येत नाही, म्हणून सून तिला अंगावर पाजते आहे. सिमेंटमध्ये, रंगवलेलं, कसलाही आडपडदा नाही. आमची वरात त्यापुढे एकदम शांत झाली. बायको माझ्या कानात म्हणाली, “तुमच्या आईंना इथे कधीही आणायचं नाही.” सासूबाईंची प्रतिक्रिया मात्र वेगळी होती. पुण्यात त्यांची सून आहे. त्यांनी चष्मा पुसला, सगळ्या बाजूंनी पाहून घेतलं आणि साडूंना म्हणाल्या, “याचा एक नीट मोठा फोटो काढा हो. घरच्या ग्रुपवर टाकायचाय.”

मराठी माणसांची तिथली कला कुठे बघायला मिळते, हे विचारणं राहिलंच. महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, नाटकं आहेत. दुरियनच्या आकाराचं ते एस्प्लनेड नाट्यगृह (छपरावर सात हजारांहून जास्त अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्या, खऱ्या दुरियनला मेट्रोत मनाई, या दुरियनला मात्र मेट्रोचं स्वतंत्र स्टेशन) नोव्हेंबरात ‘कला उत्सवम्’ भरवतं, त्यात भारतीय कार्यक्रम होतात. पण मला भावली ती तालीम. मेहुणी एका हौशी नाटकात आहे आणि तालमी होतात बिल्डिंगच्या फंक्शन रूममध्ये. रूम आठवडाभर आधी ऑनलाइन बुक करायची, आणि रात्री दहानंतर आवाज बंद. नाटक रहस्यमय. तिसऱ्या अंकात खलनायकाचं गडगडाटी हास्य आहे. मी पाहिली त्या रात्री ते नऊ एकोणसाठला सुरू झालं, पहारेकरी दारात दिसला, आणि उरलेलं हास्य खलनायकाने तोंड मिटून, नुसते खांदे हलवून पूर्ण केलं. त्यानंतरचा खूनही कुजबुजत झाला. मेलेल्याने जाताना खुर्च्या लावल्या. लिम त्झाय च्युएनला हे दाखवायला हवं होतं.

शेवटी पैशाची गोष्ट. १९९४ मध्ये एका प्रयोगावरून गहजब झाला आणि सिंगापूर सरकारने परफॉर्मन्स आर्टचं अनुदान बंद केलं. ते जवळजवळ दहा वर्षं बंदच होतं. १९९५ मध्ये एका मोठ्या प्रदर्शनाला राष्ट्राध्यक्ष ओंग तेंग चिओंग आले असताना तांग दा वू हा ज्येष्ठ कलावंत त्यांच्याजवळ गेला आणि विचारलं, मी माझं जाकीट घालू का? राष्ट्राध्यक्षांनी सौजन्याने हो म्हटलं. त्याने काळं जाकीट चढवलं. पाठीवर अक्षरं होती: कलेला पैसे देऊ नका. बघा, निषेधाचं जाकीटसुद्धा परवानगी काढून! परवानगीरंगात याच्यापुढे कुणी गेलेलं नाही.

कलेला देऊ नका म्हटल्यावर सरकारने तीस वर्षांनी प्रेक्षकांनाच द्यायला घेतले. २०२५ च्या अंदाजपत्रकात ‘एसजी कल्चर पास’ आला. अठरा वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक नागरिकाच्या खात्यात १०० डॉलर, फक्त नाटक, प्रदर्शन, वारसा-फेऱ्या, स्थानिक पुस्तकं असल्या गोष्टींवर खर्चायचे. साडू आणि मेहुणी दोघंही आता तिथले नागरिक, म्हणजे घरात २०० डॉलर. आमच्या मुक्कामात त्यातला एक सेंट हलला नव्हता. मी विचारलं तर साडूंनी लॅपटॉप उघडून दाखवलं. मुदत २०२८ च्या अखेरपर्यंत. आत्ता खर्च केले तर पुढे चांगलं काही आल्यावर हात रिकामे, हीच तर मोठी जोखीम. दर महिन्याला किती पडतात तेही काढलेलं होतं. “एवढी घाई काय आहे?” म्हणाले.

“खरंय,” बायको म्हणाली. “ठेवा तसेच. दर जानेवारीला आम्ही येतोच आता महिनाभर, तेव्हा सगळे मिळून बघू.”

साडूंनी लॅपटॉप मिटला नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तर दिवाणखान्यात उजेड होता. त्यांनी दोन नाटकं, एक नृत्यमहोत्सव आणि मातीकामाच्या एका कार्यशाळेची तिकिटं काढली होती, आणि शिल्लक दाखवत होती शून्य.